पाचव्या खुंटीवरचा दुपट्टा

१

शुभदाची एक खोड होती आणि ती थेट वडिलांकडून आलेली. वामनराव बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला टेप काही निवृत्त झाला नाही. कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारायच्या, भिंतीला तळहात लावायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. लोक हसायचे. हसू देत की! पन्नाशीला टेकलेली, यवतमाळात नकाशांचं स्वतःचं ऑफिस चालवणारी, गुत्तेदारांना तोंडावर लबाड म्हणणारी बाई ही. तिला कुणाच्या हसण्याचं काय पडलंय?

दोन हजार सहाची दिवाळी होऊन गेली होती. त्या साली कापसाला कुत्रं विचारत नव्हतं. सरकारी खरेदीची केंद्रं धड उघडली नव्हती आणि भरलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते. अशा वेळी मारेगावच्या अलीकडच्या फुलचंद शेठनं बाजारातला कापूस पडेल भावानं उचलला आणि चौदा वर्षं बंद पडलेली बापजाद्यांची दगडी जिन, म्हणजे सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना, पुन्हा सुरू करायची असं ठरवलं. इमारत मजबूत आहे असा परवानाधारक माणसाचा दाखला लागत होता. त्यासाठी शुभदाला बोलावलं होतं.

तिनं फेऱ्या मारल्या, हात लावला आणि खरं सांगायचं तर प्रेमातच पडली. पुरुषभर उंच काळ्या दगडाचं जोतं. त्यावर विटांच्या कमानी, एकीचीही वीट सुटलेली नाही. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या, म्हणजे यंत्रांच्या, लांब हॉलमध्ये बिडाचे खांब होते, आणि तूस उडून जावं म्हणून आढ्यावर झडपांचं दुसरं छोटं छप्पर. सगळी दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, कारण कापूस पेटला की दार आत ओढायला वेळ कुणाला असतो! आणि या सगळ्याच्या मधोमध उंच प्रेसघर.

प्रेसघरात पेटी होती. सागवानी फळ्यांची, लोखंडी पट्ट्या मारलेली चौकोनी विहीरच म्हणा. तोंड वरच्या मजल्यावर, तळ खालच्या मजल्यावर. वरून रुई टाकायची, माणसांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची, माणसं वर आली की खालून प्रेसचा दाब द्यायचा आणि खालच्या दारातून गठाण बाहेर. साधं काम.

पेटीशेजारच्या भिंतीत आठ लाकडी खुंट्या होत्या, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. सात रिकाम्या होत्या. पाचवीवर लाल काठाचा पांढरा दुपट्टा टांगलेला होता. शुभदानं सहज हात लावला तर तो घामानं ओलाचिंब लागला.

२

"भावसिंगकाका, दुपट्टा विसरलात की वर!"

भावसिंग जोत्यावर बसला होता. जुना मुकादम, तांड्यावरचा, सत्तरीचा. चावी त्याच्याकडे असायची. त्याचा स्वतःचा दुपट्टा त्याच्या डोक्याला गुंडाळलेला होता, हे शुभदाला बोलून झाल्यावर दिसलं.

"माहा नोय थो," तो म्हणाला.

"मग कुणाचा? कुलूप तर आपण आत्ता उघडलं."

म्हाताऱ्यानं वर प्रेसघराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, त्या खुंट्या कायच्या हायेत, ठाव हाय का तुले? पेटीत उतराच्या पैले गड्यानं आपला दुपट्टा खुंटीवर टांगाचा. वर आला का घ्याचा. मुकादमानं खुंट्या पाहाच्या. साऱ्या खाली दिसल्या, तवाच दाब द्या म्हनाचं. एका बी खुंटीवर दुपट्टा असन तं आत मानूस हाय. मंग साक्षात मालक आला तरी प्रेस चालत नसे."

"चांगली पद्धत आहे," शुभदा म्हणाली. आणि तिला ती खरोखरच आवडली. कागद नाही, शिट्टी नाही, आणि अडाण्यालाही कळावी अशी.

ती वर गेली. छत गळत असेल म्हणून वर पाहिलं. नोव्हेंबरातलं कोरडं ठणठणीत ऊन कौलांच्या फटींतून खाली उतरलेलं. मग कुणीतरी मागच्या खिडकीतून येत असणार. हो, तसंच. तिनं दुपट्टा काढला, पिळला, दक्षिणेच्या काचेच्या खिडकीत उन्हात पसरला आणि वर खिडकीला कडी घातली. खाली जाऊन हॉलची मापं घेतली. तास दीड तास गेला असेल. परत वर आली तेव्हा खिडकीची कडी तशीच होती, पण खिडकीत दुपट्टा नव्हता.

पाचव्या खुंटीवर होता. ओला.

"कुणाला तरी चेष्टा सुचतेय," ती मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज प्रेसघरात फिरून परत आला आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

३

शुभदा घाबरट असती तर तिथेच कानाला खडा लावून घरी बसली असती. पण तिला राग आला. तिनं तो दुपट्टा पिशवीत कोंबला, एसटीनं घरी आणला, साबण लावून धुतला आणि गच्चीतल्या दोरीवर वाळत घातला. त्याच्या एका कोपऱ्याला हिरव्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. टाके लहान आणि नेटके होते, कुणीतरी जीव लावून घातलेले.

"कोणाचा गं?" वामनरावांनी विचारलं.

"त्याचाच शोध घेतेय."

सकाळी दुपट्टा दोरीवर कडक वाळलेला होता. तिनं तो घडी करून आपल्या कपाटात ठेवला, कपाटाला किल्ली लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मारेगावची गाडी धरली. वाटेत स्वतःला दहादा समजावलं की दोन दुपट्टे एकसारखे असू शकतात, बाजारात ताग्यावारी मिळतात. बरोबरच होतं ते. कुणाही शहाण्या माणसानं हेच म्हटलं असतं.

प्रेसघराच्या वरच्या दाराला तिनं आदल्या दिवशी स्वतःचं कुलूप लावलं होतं. ते उघडलं. पाचव्या खुंटीवर दुपट्टा होता, आणि तिनं कोपरा उलटून पाहिला. हिरव्या दोऱ्याचे तेच नेटके टाके. एक टाका चुकून तिरका गेला होता, तो इथेही तिरकाच होता.

या वेळी तो नुसता ओला नव्हता. कोमटही होता, अंगावरून नुकताच उतरवल्यासारखा. शुभदानं हात झटकन मागे घेतला. मग मुद्दाम पुन्हा पुढे केला आणि पाच मोजेपर्यंत तिथेच ठेवला. भीती वाटत होती, पण भीतीपुढे हात आखडता घ्यायची तिला सवय नव्हती.

४

दुपारी बारा ते दोन भारनियमन असायचं. गावातल्या चक्क्या, टेपा, पंप सगळे गप्प. त्या शांततेत ती खालच्या मजल्यावर पेटीच्या फळ्यांची जाडी घेत होती आणि वरून आवाज आला.

धप्. धप्. धप्.

कबुतरं, तिनं मनात म्हटलं. पण कबुतरं तालात चालत नाहीत. हा ताल कुणी सांगायची गरज नव्हती. मऊ गादीवर जड माणूस एकाच जागी पाय आपटत होता. आवाज वरच्या मजल्यावरून येत नव्हता. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर, फळीच्या पलीकडून येत होता.

तिनं फळीला तळहात लावला. फळी हलत होती.

आवाज हळूहळू मंद होत गेला. थकलेल्या माणसाचे पाय जड पडावेत तसा. मध्ये थांबायचा, बहुधा श्वास घ्यायला, आणि पुन्हा सुरू व्हायचा. कुणी हाक मारत नव्हतं की ओरडत नव्हतं, आणि शुभदाला त्याचंच जास्त वाईट वाटलं. आत जो कोणी होता तो मुकाट्यानं काम करत होता.

तिनं पेटीच्या दाराचा लोखंडी अडसर दोन्ही हातांनी उचलला आणि दार ओढलं.

आत कुणी नव्हतं. तळाशी हातभर ताजी पांढरीशुभ्र रुई होती. चौदा वर्षं बंद जिनमध्ये ताजी रुई! आणि त्या रुईत दोन पावलांचे खोल खळगे होते. ती बघत असतानाच ते खळगे हळूहळू फुगून वर आले, जसे पाय उचलल्यावर येतात. मग तिच्या नजरेसमोर डाव्या बाजूला नवा खळगा पडला.

शुभदानं दार लावलं, अडसर टाकला आणि चालत बाहेर आली. पळाली नाही. हे तिनं नंतर वडिलांना दोनदा सांगितलं.

५

"नाव काय त्याचं?" तिनं जोत्यावर भावसिंगसमोर उभं राहून विचारलं.

म्हाताऱ्यानं बिडी विझवली. "तू आयकलं तं."

"ऐकलं आणि पाहिलंसुद्धा. नाव सांगा."

"आयतू. मारेगावकडच्या डोंगरातला कोलाम गडी. लय मेहनती. बोले नाई जास्त." भावसिंगनं विझलेली बिडी बोटांत चुरगळली. "बाई, मी खुंट्या पाह्यल्या होत्या. याडीची, मायची आन घेऊन सांगतो, साऱ्या खाली होत्या. मी म्हनलं, द्या दाब. कोनीतरी तेलाचे हात पुसाले पाचव्या खुंटीवरचा दुपट्टा ओढून नेलता. ज्याले त्या खुंटीचा अर्थच मालूम नोता, त्यानं."

"कोणी?"

तो हॉलच्या दाराकडे पाहत राहिला. तिथे फुलचंद शेठ प्रेसच्या नव्या विजेच्या मोटारीभोवती माणसं नाचवत होता.

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसलो. दोन लेकरं होती मले. त्याची बायको दोनदा येऊन गेली. तिले सांगतलं होतं, थो पळून गेला म्हनून. याच जोत्यावर बसली होती, पोरगी कडेवर घेऊन. मी तिच्या समोर पान्याचा लोटा ठेवला आन निंघून गेलो." त्यानं तोंडावरून दुपट्टा फिरवला. "लाज वाटते बाई. चौदा वर्सांपासून वाटून राह्यली. जिन बंद झाली तवा मी देवाले नारळ फोडला. आता सोमवारी पुन्हा सुरू करून राह्यला हा, आन पेटीत आठ गडी उतरनार. त्यात माहा गुलाबसिंग हाय."

गुलाबसिंग म्हणजे त्याचा मुलगा, तिशीतला, मोटारीला वायर जोडायला मदत करत होता. बापानं सांगून पाहिलं होतं. गावात दुसरं काम नव्हतं, म्हणून त्यानं ऐकलं नव्हतं. आणि शुभदाला माहीत होतं, की तिची सही पडली नाही तर सोमवारी कुणी उतरणार नाही.

६

"पण मोडलं काय?" फुलचंदनं विचारलं. तो लठ्ठ, गोड बोलणारा, पंचेचाळिशीचा माणूस. "भिंती पडून राह्यल्या का? छत झुकलं का?"

"इमारत ठणठणीत आहे शेठजी. आणखी शंभर वर्षं उभी राहील."

"तो फिर सही करो ना ताई! अडलं कुठं?"

इथेच तर गोम होती. शुभदानं आयुष्यात कधी खोटा दाखला दिला नव्हता, आणि भक्कम इमारतीला कच्ची म्हणणं हाही खोटेपणाच. तिनं कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: इमारत भक्कम आहे. पेटीत माणूस आहे. तो बाहेर येईपर्यंत प्रेस चालवू नये. खाली सही, शिक्का, तारीख.

फुलचंदनं वाचलं आणि आधी हसला. मग हसू गेलं. हातातला कागद खाली ठेवून त्यानं दोन्ही हात पँटला पुसले.

"भावसिंगनं डोकं फिरवलं तुमचं. म्हातारा सटकला हाय."

"असेल. दुपट्टा मग कोण ओला करतंय?"

"त्याचा बंदोबस्त करतो मी. आन सही देनारे छप्पन पडले हायेत यवतमाळात."

"पडले असतील," शुभदा उठत म्हणाली. "माझी मिळणार नाही. तुमची पेटी रुईऐवजी पैशांनी भरून दिलीत तरी नाही."

७

सोमवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना ती पोचली तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी दाखला दारावर चिकटवलेला होता. वरच्या मजल्यावर आठही गडी पेटीच्या तोंडाशी उभे होते, अंगावर रुईचं तूस. पहिला थर तुडवून नुकतेच वर आले होते. दोन वाजता वीज येणार आणि दाब सुरू होणार.

शुभदानं भिंतीकडे पाहिलं. खुंट्याच नव्हत्या. आठच्या आठ उपटून टाकल्या होत्या, भिंतीत नुसती आठ भोकं.

"भुताटकीची जडच काढून टाकली," फुलचंद म्हणाला. "हो गया किस्सा खतम."

"खुळचट माणसा!" शुभदा ओरडली. "आता आत कोण आहे ते तुम्हाला कळणार कसं? भुताचं सोडा, जित्या माणसाचं कसं कळणार?"

गडी एकमेकांकडे बघायला लागले. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. तेवढ्यात खाली मोटार गुरगुरली. वीज आली होती.

"सब बाहर हैं! चालू करा रे!" फुलचंदनं खाली आवाज दिला.

शुभदानं विचार केला नाही. केला असता तर ती यवतमाळच्या गाडीत बसली असती. तिनं गळ्यातली ओढणी काढली, तिचं टोक पाचव्या भोकात बोटानं कोंबलं, पेटीच्या कडेवर बसली आणि आतल्या लोखंडी पायऱ्यांवर पाय ठेवून खाली उतरली. वरून गलका झाला. रुई तिच्या गुडघ्यापर्यंत आली. आत अंधूक उजेड होता, आणि घामाचा वास.

"मी आत आहे!" ती ओरडली. "चालवा आता हिंमत असेल तर!"

आणि तिच्या शेजारची रुई दबली. धप्. धप्. मग थांबली. एक ओला, गरम खांदा तिच्या दंडाला लागला आणि लगेच दूर झाला. परक्या बाईला धक्का लागला म्हणून माणूस अवघडून बाजूला सरकतो ना, तसा. तिला जागा करून दिली होती.

शुभदाची भीती तिथेच गेली. उरला तो राग, आणि त्या रागानं तिचे डोळे भरून आले.

"भावसिंगकाका! पेटीत दोन माणसं आहेत. दोन!"

वरून म्हाताऱ्याचा आवाज आला, चौदा वर्षांत कुणी ऐकला नसेल असा, जुन्या मुकादमाचा. "आत मानूस हाय! बंद करा थे!"

"ए, मालिक कौन है इधर?" फुलचंद किंचाळला. पण गुलाबसिंग धाडधाड जिना उतरून गेला होता. खाली खट् असा आवाज झाला आणि मोटार थांबली. तो परत वर आला तेव्हा फ्यूज त्याच्या मुठीत होता, आणि तो त्यानं सगळ्यांसमोर खिशात घातला.

पेटीच्या तोंडावर भावसिंगचा चेहरा आला. त्यानं पालथं पडून हात खाली सोडला. शुभदानं हात वर केला.

"थांब बाई," तो म्हणाला. "थोडं थांब. थो पैले आलता. आयतू, ये बा. ये वर."

तिच्या शेजारच्या पायरीवर रुईचे धागे चिकटले होते, ते सपाट झाले. मग वरच्या पायरीवरचे. मग त्याच्या वरच्या. भावसिंगचा दंड ताणला गेला, शिरा टरारून फुगल्या, छाती फळीवरून पुढे घसरली. गुलाबसिंगनं धावत येऊन बापाची कंबर धरली, आणि ते वजन त्यालाही लागलं, हे त्याच्या उघड्या तोंडावरून कळत होतं. बाकीचे सात गडी त्याला धरायला धावले. मग एकदम ताण सुटला आणि सगळे मागच्या मागे कोसळले.

शुभदा कुणाचा हात न धरता पायऱ्या चढली. डोकं पेटीच्या तोंडापर्यंत आलं आणि ती तिथेच थबकली, कारण मजल्याच्या फळ्या आता तिच्या डोळ्यांच्या रेषेत होत्या. फळ्यांवर ओली पावलं उमटत होती. रुंद, अनवाणी, दमलेली. एक पडायचं, जरा थांबायचं, मग दुसरं. जिना उजवीकडे होता. पावलं उजवीकडे वळली नाहीत.

फुलचंद भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचे दोन्ही हात पँटवर वर-खाली चालले होते, पुसत होते, थांबत नव्हते. पावलं त्याच्यापासून दोन हातांवर आली आणि तिथे थांबली.

"भावसिंग!" त्याचा आवाज चिरकला. "अरे पकड ना! पकड उसको!"

भावसिंग फळ्यांवरून उठला. अंगावरचं तूस त्यानं सावकाश झटकलं.

"कोनाले पकडू शेठजी?" तो म्हणाला. "थो तं पळून गेला. त्याच्या बायकोले तुमीच सांगतलं होतं ना?"